सौम्य, स्थानिक आणि तात्पुरता

ठाण्यातल्या खोपटात रस्त्यावर कुणालाही थांबवून विचारा, मेट्रो हवी का? उत्तर येईल, हवी म्हणजे काय, कालच हवी होती! स्टेशन कुठे असावं? घरापासून चालत दोन मिनिटांवर. आणि पूल? पूल मागच्या गल्लीतून न्यावा, तिकडच्या लोकांना नाहीतरी उन्हाचा त्रासच होतो. ठाणेकराची सार्वजनिक वाहतुकीबद्दलची भूमिका इतकी सुस्पष्ट असताना तज्ज्ञांना त्यावर हजार पानं का लिहावी लागतात, याचं मला कोडं होतं. मग एके दिवशी ती हजार पानं आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडली.

सूर्यफुलाची शुभ सकाळ आणि टाकी धुण्याची सूचना यांच्या मधोमध चेअरमननी ती फाइल टाकली होती. खाली आज्ञा: 'सर्वांनी वाचून रविवारपर्यंत मत कळवावे.' मिनिटाभरात अंगठ्यांची रांग लागली. एवढ्या वेळात फाइल उघडतसुद्धा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हात जोडले. त्यांना बहुधा कोणीतरी गेलं असं वाटलं.

मी मात्र वाचली. गुडघ्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी मला पाय वर करून बसायला सांगितलं होतं. धडधाकट माणूस पर्यावरणीय परिणामांचा अहवाल वाचत नाही. प्रकल्प कोणता, अहवाल कोणाचा, ते सांगत नाही. मला अजून याच रस्त्यांवरून जायचं-यायचं आहे.

सुरुवातीलाच कळलं की खोपटात माती आहे. मला हे नवीन होतं. मी इतकी वर्षं डांबर, पेव्हर ब्लॉक आणि खड्डा एवढेच थर पाहत आलो होतो. पण कुणीतरी खाली हात घालून माती काढली होती, तिचा सामू तपासला होता आणि ती 'मध्यम सुपीक' असल्याचा निर्वाळा दिला होता. पुढे वारा कुठून कुठे वाहतो याचं पाकळ्यापाकळ्यांचं एक सुंदर चित्र होतं. आमच्या घरात वारा कुठूनच येत नाही, हे त्यात नव्हतं.

मग प्राणिजगत. कॉर्व्हस स्प्लेंडेन्स, मुबलक. कोलंबा लिव्हिया, मुबलक. रॅटस रॅटस, मुबलक. मला क्षणभर आपण एखाद्या अभयारण्यात राहतो असं वाटलं. मग उलगडा झाला: कावळा, कबूतर, उंदीर. गेटवर दिवसभर झोपणाऱ्या आमच्या काळ्याला 'कॅनिस फॅमिलिअरिस' असा किताब मिळाला होता. मी तो वॉचमनला सांगितला. तो काळजीत पडला. "म्हणजे साहेब, आता ह्याला हाकलायला वरून परवानगी लागणार?"

तक्त्याखाली टीप होती: परिसरात वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधील एकही वन्यप्राणी आढळला नाही. आता, 20 फेब्रुवारी 2019 ला पहाटे इथून हाकेच्या अंतरावरच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला होता. तिथून तो जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात जाऊन बसला आणि वनखात्याने त्याला भूल देऊन बाहेर काढेपर्यंत अख्खं ठाणे टीव्हीसमोर होतं. बिबट्या अनुसूची एकमधलाच. पण तो पाहणीच्या ठरलेल्या दिवसांत आला नाही, यात अहवालवाल्यांचा काय दोष? येऊरच्या जंगलातून उतरताना त्याने आधी कळवायला हवं होतं.

तरी या लोकांनी निदान आमचेच कावळे मोजले होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या पर्यावरण अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारेच्या उतारे जसेच्या तसे उतरले होते. त्यामुळे कोकणातले पक्षी स्प्रूसच्या जंगलात घरटी करू लागले. हापूसच्या बागेत पाय ठेवून स्प्रूस शोधणारा तो कोकणी पक्षी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

या अहवालाचा प्राण मात्र शेवटच्या तक्त्यात आहे. डाव्या रकान्यात काय काय होईल ते: धूळ, आवाज, हादरे, वाहतूककोंडी, झाडतोड, सांडपाणी. उजव्या रकान्यात परिणामाचं स्वरूप. आणि वरपासून खालपर्यंत एकच उत्तर: सौम्य, स्थानिक व तात्पुरता. धूळ सौम्य. हादरे स्थानिक. कोंडी तात्पुरती. उपाययोजना म्हणून दिवसातून दोनदा पाणी मारायचं. मला तर हा तक्ता संसारालाही लावता येईल असं वाटलं. मी तो बायकोला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "ज्याने लिहिलंय तो ठाण्यात राहत नाही. 'तात्पुरतं' म्हणतोय."

तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. वडाळा ते कासारवडवली या मेट्रो 4 ला राज्य मंत्रिमंडळाने 2016 मध्ये मंजुरी दिली, काम 2018 मध्ये सुरू झालं आणि घोडबंदरच्या टोकाला, गायमुख ते विजय गार्डन, पहिली चाचणी धावली ती 22 सप्टेंबर 2025 रोजी. काम सुरू झालं तेव्हा जन्मलेली पोरं आता पाढे म्हणतात. रस्त्याच्या मधोमध उभे असलेले पत्रे ही ठाण्याची नैसर्गिक वनस्पती आहे, अशी त्यांची समजूत असली तर नवल नाही.

आवाजाचं मोजमाप होताना मात्र मी जातीने हजर होतो. एसटी स्टँडच्या तोंडाशी एक किडकिडीत तरुण तिपाईवर एक छोटं यंत्र लावून उभा होता. यंत्राच्या टोकाला स्पंजाचा काळा गोळा. हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर नोकरी नवी असल्याचं तेज. पाच मिनिटांत त्याच्याभोवती कोंडाळं जमलं.

"काय मोजताय?" एकाने विचारलं.

"आवाज."

"कशाचा?"

"सगळ्याचा."

"बीपी पण बघता का?" मागून एका बाईंनी विचारलं. त्यांची पिशवी खाली ठेवून झाली होती आणि बाही वर सरकत होती.

तेवढ्यात एक रिक्षावाला पुढे आला. "मी वाजवतो हॉर्न, तुम्ही बघा बरोबर येतोय का." आणि त्याने वाजवला. आकडा उडी मारून वर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आकडा आणखी वर गेला.

"अहो काका, नको," तरुण काकुळतीला आला. "मला नेहमीचा आवाज हवाय."

"मग हा काय मी दिवाळीसाठी ठेवलेला आहे? हा नेहमीचाच!"

याच्यावर तरुणाकडे उत्तर नव्हतं. त्याच वेळी स्टँडवरच्या कर्ण्याने कुठल्याशा गाडीला फलाट दिला, कंडक्टरने डबल बेल मारली, आणि विजेवरची एक एसटी मांजराच्या पावलांनी आत आली. ती आवाज करत नाही. त्यामुळे कुणी बाजूला होत नाही. त्यामुळे ड्रायव्हर फलाटापर्यंत हॉर्नवरून हात काढत नाही. तरुणाने तेही लिहून घेतलं.

कायदा असा आहे की राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 यापलीकडे आवाज जाऊ नये. सन 2000 चे नियम आहेत. रात्री 45 म्हणजे किती, असं मी त्या तरुणाला विचारलं. तो म्हणाला, "काका, शांत लायब्ररीपेक्षा थोडा जास्त." मी खोपट नाक्याकडे पाहिलं. तोही पाहत होता. आम्ही दोघं काही बोललो नाही.

अहवालात या सगळ्याचं एका वाक्यात सार्थक झालं होतं: 'प्रकल्पस्थळी ध्वनिपातळी मुळातच विहित मर्यादेपेक्षा अधिक असल्याने प्रकल्पामुळे होणारी वाढ नगण्य राहील.' म्हणजे आपण आधीपासून ओरडतोय, तर त्यांनीही ओरडायला हरकत नाही. त्या रिक्षावाल्याला कुणीतरी सांगायला हवं की प्रकल्पाला त्याचा केवढा हातभार लागला.

पाय वर असल्यामुळे मी आणखी खोलात शिरलो आणि एक भलतीच गोष्ट कळली. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठं बांधकाम करायचं, तर 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. तीसेक किलोमीटरची मेट्रो बांधायची तर लागत नाही. रेल्वे आणि मेट्रो त्या यादीतच नाहीत. जंगल आडवं आलं, खाडीकिनारा आला, तर त्यांच्या परवानग्या निराळ्या. पण अख्ख्या मार्गाचा असा अहवाल लिहाच, असं ती अधिसूचना सांगत नाही.

मग ही हजार पानं मागतो कोण? बहुतेक वेळा, कर्ज देणारा. मुंबईच्या मेट्रो 2 आणि 7 ला मनिलाच्या आशियाई विकास बँकेचं कर्ज आहे, मेट्रो 3 ला आणि बुलेट ट्रेनला जपानच्या जायकाचं. पैसे देण्याआधी या मंडळींना निसर्गाचं आणि माणसांचं काय होणार ते लिहून हवं असतं. आमच्या आजोबांच्या सावकाराने जमीन लिहून घेतली, पण बांधावरच्या बाभळीची कधी चौकशी केली नाही. आता मनिलात बसलेला एक माणूस दहिसरच्या पिंपळासाठी झुरतो आणि टोकियोत एकाची झोप ठाण्याच्या खारफुटीने उडते.

खारफुटीवरून आठवलं. बुलेट ट्रेनसाठी आधी 53,467 खारफुटीची झाडं जाणार होती. ठाणे स्थानकाचा आराखडा बदलला, आणखी काटछाट झाली आणि आकडा 21,997 वर आला. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेवढ्यांना परवानगी दिली, बदल्यात पाचपट लावायच्या बोलीवर. गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. पण माझं मन त्या मोजणाऱ्या माणसात अडकलंय. गुडघाभर चिखल, डास, भरतीची वेळ, आणि तो 21,997 वर थांबतो. 22 हजार म्हटलं असतं तर कोण खाडीत उतरून पाहणार होतं? त्या शेवटच्या तिघांना कुणी राखलं, त्याचा सत्कार व्हायला हवा.

याच ठाण्याला 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी आली. चौदा डबे, चारशेएक पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, निघताना एकवीस तोफांची सलामी. डेसिबल कुणी मोजले नाहीत. पुढच्याच वर्षी, 1 मे 1854 ला, गाडी खाडी ओलांडून कल्याणला पोचलीदेखील. वर्षभरात! आमच्याकडे वर्षभरात सल्लागार नेमण्यासाठीचा सल्लागार नेमून होतो. चेअरमन म्हणतात, ते इंग्रज होते म्हणून जमलं. मला वाटतं त्यांच्याकडे झेरॉक्स मशीन नव्हतं.

तर, झाड.

आमच्या गेटसमोर एक पर्जन्यवृक्ष आहे. त्याच्या खोडाला एका सकाळी सुतळीने प्लास्टिकची पिशवी बांधलेली दिसली. आत नोटीस. झाडाचा क्रमांक, जात, खोडाचा घेर, तोडण्याचं कारण 'सार्वजनिक प्रकल्प', आणि वय: अठरा वर्षे. हरकती सात दिवसांत.

झाडांच्या संरक्षणाचा आपला कायदा 1975 चा. त्यात 2021 ला दुरुस्ती झाली आणि झाडाच्या वयाला एकदम भाव आला. तोडलेलं झाड जितक्या वर्षांचं, तितकी नवी रोपं लावायची. तीही सहा ते आठ फुटी, आणि सात वर्षं सांभाळायची. झाड पन्नाशी ओलांडलेलं असेल तर ते वारसा वृक्ष. साहजिकच तोडणाऱ्यांच्या कागदावर झाडं कोवळी होऊ लागतात आणि वाचवणाऱ्यांच्या तोंडी ती शिवकालीन असतात. झाडाला शाळा सोडल्याचा दाखला नसतो, ही मोठीच अडचण.

"अठरा?" तळमजल्यावरच्या आजी कडाडल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा ह्याला पार होता. माझं डोहाळजेवण ह्याच्या खाली झालंय. तो मुलगा आता रिटायर झाला!" त्यांनी पुरावा म्हणून फोटोही आणला. फोटोत आजी होत्या, धनुष्यबाण होता, बारा बायका होत्या आणि अगदी कडेला झाडाचं एक कोपर होतं.

सर्वांत मोठा पालट चेअरमनमध्ये झाला. या झाडावरचे पक्षी आपल्या गाडीवर काय काय करतात याचा जाहीर उच्चार त्यांनी दर वार्षिक सभेत केला होता. पण सावलीतली पार्किंगची ती एकच जागा, आणि ती त्यांची. नोटीस वाचल्यापासून ते झाडाचा उल्लेख 'वृक्षराज' असा करू लागले. ग्रुपवर एका संताचं नाव घालून झाडावरचा सुविचार आला. त्या संतांनी तसं काही म्हटलेलं नव्हतं, पण भावना चांगली होती.

सुनावणी एका कचेरीत होती. कचेरीचं नाव घेत नाही. खोलीत मंद पंखा, लांब टेबल, टेबलापलीकडे एक सभ्य, थकलेले अधिकारी. हरकत तीन प्रतींत. झाडाच्या फोटोच्या तीन प्रती. एका बाईंनी झाडाचं पान जोडलं होतं, त्यांना त्याच्याही आणखी दोन प्रती मागितल्या. त्यांनी खाली जाऊन पानाची झेरॉक्स काढून आणली. झेरॉक्सवाल्याने पाठपोट विचारलं म्हणे.

प्रत्येकाला दोन मिनिटं. पहिल्या गृहस्थांनी त्यांच्याकडे पाणी कमी दाबाने येतं हे सांगितलं. हा विषय नाही, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग झाडाला तरी कुठून घालणार?" त्यानंतर एका तरुण कार्यकर्त्याने प्रकल्पाला जाहीर पाठिंबा दिला आणि त्याच दमात तीव्र विरोधही नोंदवला. दोन्ही नोंदवले गेले. एका गृहस्थांना फक्त स्टेशनच्या जिन्यापासूनचं अंतर मीटरमध्ये हवं होतं. "माहितीपत्रकात टाकायचंय," ते म्हणाले. बिल्डरचे होते.

मग आमचे चेअरमन उभे राहिले. आवाज लावला. वृक्ष म्हणजे प्राणवायू, वृक्ष म्हणजे वारसा, आणि हा वृक्षराज अठरा वर्षांचा नसून साठीच्या पुढचा आहे. आजींनी डोहाळजेवण पुढे सरकवलं.

"फोटोवर तारीख नाही," अधिकारी म्हणाले. "लेखी काही आहे का?"

लेखी काही नव्हतं. अधिकाऱ्यांनी समोरची फाइल उघडली, पानं मागे उलटली आणि एका कागदावर बोट ठेवलं. "साहेब, ही सही आपलीच ना?"

कागद दोन वर्षांपूर्वीचा होता. सोसायटीचं लेटरहेड. 'सदर वृक्ष साठ वर्षांहून अधिक जुना, पोकळ व धोकादायक झाला असून त्यावरील पक्ष्यांमुळे रहिवाशांच्या वाहनांचे नुकसान होत आहे. तरी तो समूळ तोडावा, ही नम्र विनंती.' खाली चेअरमनची सही, तारीख आणि कचेरीचा गोल शिक्का.

खोलीत पंख्याचा आवाज येऊ लागला. आजींनी चेअरमनकडे असं पाहिलं की आजोबा हयात असते तर त्यांनी कपाटाच्या किल्ल्या काढून दिल्या असत्या. पण आमचे चेअरमन चाळीस वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झालेत. ते क्षणभरच गडबडले.

"हाच!" ते ओरडले. "हाच तो लेखी पुरावा! साठ वर्षं! आपल्याच कचेरीचा शिक्का आहे!"

"अहो, पण यात आपण तोडायला सांगितलंय."

"ते सोडा. वयापुरता ग्राह्य धरा."

"आणि पोकळ?"

"वय धरा, पोकळ धरू नका."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. शिक्का त्यांच्याच कचेरीचा होता, नाकारणार कसा? नोटिशीवरचे अठरा कुठून आले, याला मात्र शिक्का नव्हता. त्यांनी बाजूच्या कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने छताकडे पाहिलं. अखेर अठरा खोडून साठ झाले. अर्ध्या तासात बेचाळीस वर्षांनी मोठं झालेलं ते जगातलं एकमेव झाड असेल. फाइल अभिप्रायासाठी वर गेली.

ती अजून वरच आहे. झाडही आहे. पुलाचा एखादा खांब चार हात सरकवता येईल का, हे पाहत आहेत असं ऐकतो. पण कागदोपत्री तयारी पुढे गेली आहे. झाड गेलंच तर साठ रोपं लावावी लागतील, शक्यतो त्याच परिसरात. त्यासाठी परवा एक माणूस टेप घेऊन आमच्या सोसायटीत आला. पाहतो तर तोच, एसटी स्टँडवरचा आवाज मोजणारा किडकिडीत तरुण. चेहऱ्यावरचं तेज थोडं उतरलं होतं. चेअरमन त्याच्या मागे मागे.

"इथे?"

"इथे गाडी लागते."

"तिकडे, भिंतीला लागून?"

"तिथे गणपतीचा मांडव असतो."

"मागच्या बाजूला?"

"खाली टाकी आहे. मुळं टाकीत गेली तर जबाबदार कोण?"

"गच्चीवर कुंड्यांमध्ये?"

"गच्ची कोर्टात आहे."

तरुणाने मान डोलावली आणि पॅडवर काहीतरी लिहिलं. चेअरमननी मान लांब करून वाचलं. 'साठ रोपे. जागा उपलब्ध.'

"अहो, कुठे उपलब्ध?"

"ते पुढच्या अहवालात येईल, काका," तो म्हणाला आणि त्याने टेप गुंडाळली.